आठ वर्षांनंतरचं पत्र

जेन ऑस्टेनच्या 'पर्स्युएशन' या कादंबरीची सुरुवातच एकच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणाऱ्या माणसापासून होते. सॉमरसेटमधल्या केलिंच हॉलचे मालक सर वॉल्टर एलियट. मन रमवायला त्यांना दुसरं कुठलंच पुस्तक लागत नाही. बॅरोनेट, म्हणजे वंशपरंपरेनं 'सर' ही पदवी मिळालेल्या, घराण्यांच्या वंशावळी छापलेला एक ग्रंथ आहे, त्यातलं आपल्या घराण्याचं पान उघडायचं आणि वाचत बसायचं. रिकाम्या वेळी तोच विरंगुळा, अडचणीच्या वेळी तोच दिलासा. कर्ज गळ्याशी आलंय, वाडवडिलांचं घर भाड्यानं द्यायची पाळी आलीय, पण त्या पानावरचं 'एलियट' हे नाव काही पुसट होत नाही. पुढे ते घर भाड्यानं घेतात ॲडमिरल क्रॉफ्ट, आणि राहायला आल्यावर सर वॉल्टरच्या खोलीतले मोठमोठे आरसे तिथून हलवतात. आरसे आणि ते पान, दोन्ही एकाच कामाचे होते हे वाचकाला तेव्हा कळतं.

ही कादंबरी मी अनेक वर्षं पुन्हा पुन्हा वाचत आलेय, आणि दर वेळी या पहिल्या पानाशी थोडी थांबते. ओळखीच्या पुस्तकाकडे परत जाण्यात जो दिलासा असतो तो कुठल्या जातीचा, हा प्रश्न लेखिकेनं उंबऱ्यातच ठेवलाय. स्वतःचंच नाव वाचून मिळणारा दिलासा एक असतो. पण तेवढाच असता तर ही कादंबरी माझ्या उशाशी राहिली नसती.

गोष्ट आधी सांगून टाकते. ज्यांनी वाचलेली नाही त्यांचा रसभंग होईल अशी भीती मला वाटत नाही, कारण शेवट ठाऊक असताना काय हाती लागतं, तेच मला सांगायचंय.

१८०६ च्या उन्हाळ्यात १९ वर्षांच्या ॲन एलियटचं फ्रेडरिक वेंटवर्थ या तरुण नौदल अधिकाऱ्याशी जमतं. त्याच्यापाशी पैसा नाही, मोठं घराणं नाही, आहे तो फक्त स्वतःवरचा अफाट विश्वास. ॲनची आई हयात नाही. आईच्या जागी आहेत आईच्या मैत्रीण लेडी रसेल. त्या ॲनची समजूत घालतात आणि ॲन ठरलेलं लग्न मोडते. मग आठेक वर्षं जातात. वेंटवर्थ युद्धात शत्रूची जहाजं पकडत २५ हजार पौंडांचा धनी होतो, कॅप्टन म्हणून परत येतो. योगायोग असा की केलिंच हॉलमध्ये आलेल्या ॲडमिरल क्रॉफ्टची बायको ही त्याचीच सख्खी बहीण. ॲन आता २७ वर्षांची आहे. घरात तिच्या शब्दाला किंमत नाही, रूप ओसरलंय असं सगळे धरून चालतात. कादंबरी इथून सुरू होते आणि या दोघांना पुन्हा एका वाटेवर आणायला चोवीस प्रकरणं घेते.

मराठी घरात वाढलेल्या माणसाला यातलं काहीच उलगडून सांगावं लागत नाही. 'आम्ही काय तुझे वैरी आहोत का', 'आत्ता कडू वाटेल पण पुढे म्हणशील', हे सगळं आपल्या माजघरात बोललं गेलेलंच आहे. लेडी रसेल कुणावर ओरडत नाहीत, कोंडून ठेवत नाहीत. मायेनं बोलतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं मोडता येत नाही.

माझी आजी शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज म्हणायची. पुढची ओवी तिला पाठ होती, तरी पोथी समोर लागायची आणि बोट ओळीवरून फिरायचं. पुढे काय होणार हे माहीत असताना का वाचतेस, असं तिला घरात कधी कुणी विचारलं नाही. मला मात्र लोक विचारतात. कादंबरी म्हणजे पुढे काय होतं यासाठी वाचायची गोष्ट, अशी एक समजूत आहे. रहस्यकथेपुरती ती चालेल. पण ज्यांना आता 'स्लो बर्न' म्हणतात, म्हणजे ज्यांत दोन माणसं कितीतरी पानं एकमेकांच्या अवतीभवती वावरतात आणि काहीच बोलत नाहीत, त्या प्रेमकथा पहिल्या वाचनात अर्ध्याच वाचून होतात. डोळे पुढच्या पानावर असतात. होईल ना, जमेल ना, या काळजीत हातातलं पान नीट दिसतच नाही. दुसऱ्या वाचनात ती काळजी उतरते आणि नजर मोकळी होते.

मोकळ्या झालेल्या नजरेला या कादंबरीत काय काय दिसतं, ते सांगण्यासाठीच मी लिहायला बसलेय.

सातव्या प्रकरणात दोघं पहिल्यांदा समोरासमोर येतात. ॲन तेव्हा धाकट्या विवाहित बहिणीकडे, मेरीकडे, राहतेय. सकाळची वेळ, खोलीत माणसं, वेंटवर्थ उभ्या उभ्या येऊन जातो. नजर अर्धवट मिळते, तो लवून नमस्कार करतो, ती गुडघ्यात वाकून उत्तर देते, आणि दोन-चार मिनिटांत खोली रिकामी. आठ वर्षांनंतरची भेट लेखिकेनं एका परिच्छेदात संपवलीय. पहिल्यांदा वाचताना मला वाटलं, एवढंच? नंतर कधीतरी लक्षात आलं की हा प्रसंग मोठा करणं ॲनलाच झेपलं नसतं. ती स्वतःला बजावते, झालं, संपलं, सर्वांत अवघड ते पार पडलं. वाक्यं तुटक होतात, कारण तिला श्वास पुरत नाहीये. मग मेरी सहज सांगून टाकते की कॅप्टन म्हणाला, ॲन इतकी बदललीय की मी ओळखलंही नसतं.

हे वाक्य पहिल्या वाचनात सुरीसारखं लागतं. आता मी ते वाचते तेव्हा त्याच्या बाजूनंही ऐकते. जो माणूस इतका बदल मोजतो, त्याच्या मनात आधीचा चेहरा किती स्पष्ट असेल! विसरलेल्या चेहऱ्याशी कुणी तुलना करत नाही.

कादंबरी जवळजवळ सगळी ॲनच्या नजरेतून सांगितलेली आहे. वेंटवर्थच्या मनात शिरायची परवानगी आपल्याला फारच थोड्या ठिकाणी मिळते. बाकी त्याचं जे काही आपल्यापर्यंत येतं ते तिला जे दिसलं, जे तिच्या कानावर पडलं, तेवढंच. शेवट माहीत असलेला वाचक त्याच प्रसंगांत त्याला वेगळा पाहू शकतो. जेवणाच्या टेबलावर तो आपल्या पहिल्या जहाजाची, जुन्यापुराण्या 'ॲस्प'ची, गोष्ट सांगतो. बोलण्यात 'सहा साली' असा उल्लेख येतो. टेबलावरच्या इतरांना ते नुसतं साल आहे. ॲनला माहीत आहे की त्या सालाचं नाव घेताना त्यालाही तेच आठवलं असणार. त्याचा आवाज हलत नाही. नंतर लोक नाचतात आणि ॲन पियानो वाजवते. डोळे भरून येतात, पण वाद्याच्या आड असल्यानं कुणाला दिसत नाहीत हे तिला बरं वाटतं. तेवढ्यात तो कुणालातरी विचारतो, मिस एलियट नाचत नाहीत का? उत्तर येतं, नाही, त्यांनी ते सोडून दिलंय, त्यांना वाजवायलाच आवडतं. दोन ओळींचा संवाद. तो प्रश्न त्याला का विचारावासा वाटला, याकडे मी पहिल्या वाचनात पाहिलंही नव्हतं.

आणि मग ते लहान मूल. नवव्या प्रकरणात ॲन आजारी भाच्याजवळ गुडघे टेकून बसलीय आणि दुसरा भाचा, दोन वर्षांचा वॉल्टर, तिच्या पाठीवर चढून बसलाय, काही केल्या उतरत नाही. ती रागावते, विनवते, त्याला सोडवण्याचा प्रयत्न करते. अचानक भार हलका होतो. कुणीतरी पोराला तिच्या मानेवरून सोडवून उचलून घेतलंय. ते वेंटवर्थनं केलंय हे तिला काही क्षणांनी कळतं. तो एक शब्द बोलत नाही, उलट आभार ऐकावे लागू नयेत म्हणून मुलाशी मुद्दाम मोठ्यानं खेळत बसतो. ॲनला तोंडातून शब्द काढता येत नाही. ती उठून निघून जाते, आणि एवढ्याशा गोष्टीनं आपण इतकं हलून गेलो याची तिला लाज वाटते.

प्रेमकथेत मला याहून मोठा प्रसंग सापडलेला नाही. यात ना स्पर्शाचं वर्णन आहे ना नजरेचं. एका थकलेल्या बाईच्या पाठीवरचं ओझं कुणीतरी न सांगता उचललं, एवढंच. ज्या घरांत बायकांच्या पाठीवरचं ओझं कुणाला दिसतच नाही, त्या घरांतल्या वाचकांना हे पान काय वाटतं ते मी वेगळं सांगायची गरज नाही. पुढच्याच प्रकरणात सगळे लांबवर फिरायला जातात. परतताना ॲन दमलीय, हे बरोबरच्या कुणाच्याही ध्यानात येत नाही. वेंटवर्थ बहिणीला दोन शब्द सांगतो आणि ॲनला हात देऊन क्रॉफ्ट दांपत्याच्या घोडागाडीत बसवतो. अजून त्यानं तिला माफ केलेलं नाही, हे ॲनला कळतं. पण तिचे हाल त्याला पाहवत नाहीत, हेही कळतं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

लाइम रीजिस या समुद्रकाठच्या गावातली प्रकरणं मी सर्वांत सावकाश वाचते. नोव्हेंबर महिना, समुद्र, आणि कॉब नावाचा जुना दगडी धक्का. मेरीची नणंद लुइझा मस्ग्रोव्ह हट्टानं पायऱ्यांवरून उडी मारते, डोक्यावर पडते, बेशुद्ध होते. सगळे गर्भगळीत. युद्धं मारून आलेला वेंटवर्थही भिंतीला टेकून मदतीसाठी याचना करतो. ॲन एकटी भानावर असते. ती म्हणते, डॉक्टर आणा. वेंटवर्थ धावणार इतक्यात ती सुचवते की बरोबरच्या कॅप्टन बेनविकला पाठवा, डॉक्टर कुठे राहतो ते त्याला ठाऊक आहे. नंतर जखमी लुइझाजवळ कुणी राहायचं याची चर्चा चालू असताना दारापलीकडून वेंटवर्थचं बोलणं तिच्या कानी येतं. ॲनइतकं लायक, ॲनइतकं समर्थ दुसरं कुणी नाही. परतल्यापासून 'मिस एलियट' म्हणणाऱ्या माणसाच्या तोंडून तिचं नुसतं नाव निसटतं. परतीच्या गाडीत, लुइझाच्या आईवडिलांना ही बातमी कशी सांगायची हे ठरवून तो तिला विचारतो, तुम्हाला हे बरोबर वाटतं ना? ती हो म्हणते. त्यानं आपल्याला विचारलं, एवढ्यानं तिला केवढं समाधान मिळतं! केलिंच हॉलमध्ये तिचं मत विचारणारं कुणीही नव्हतं.

वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर मी दवाखान्यात रात्री जागवल्या, तेव्हा हेच पुस्तक बरोबर होतं. त्या रात्री मी प्रेमाची म्हणावी अशी पानं उघडलीच नाहीत. लाइमचीच वाचत राहिले. सगळ्यांचे हातपाय गळालेले असताना पुढचं काम कोणतं हे ओळखणारी बाई मला त्या वेळी हवी होती, आणि ती कोणत्या पानावर आहे हे मला ठाऊक होतं. नवीन पुस्तक असा भरवसा देऊ शकत नाही. त्यात कोण मरेल, कोण दगा देईल सांगता येत नाही. दुखऱ्या मनाला ठाऊक असलेली वाट लागते, आणि यात पळपुटेपणा आहे असं मला मुळीच वाटत नाही.

अर्थात इथेही लेखिका वाचकाला सावध करते, आणि तेही लाइममध्येच. कॅप्टन बेनविकची वाग्दत्त वधू वारलीय आणि तो स्कॉट आणि बायरन यांच्या कविता पाठ म्हणत बसलाय. विशेषतः भग्न हृदयाच्या. ॲन त्याचं सगळं ऐकून घेते आणि मग हळूच म्हणते की कविता ज्यांना सर्वांत खोल लागते त्यांनीच ती बेतानं घ्यावी, रोजच्या वाचनात थोडं गद्य वाढवावं. ती त्याला लेखकांची, पत्रांची, सोसलेल्या माणसांच्या चरित्रांची नावंही सुचवते. आणि ती संध्याकाळ सरल्यावर तिच्या मनात येतं की आपण दुसऱ्याला जो धीर नि सबुरी शिकवली ती आपल्यात तरी कुठे आहे. सर वॉल्टर पानात स्वतःला पाहतात, बेनविक पानात आपलं दुःख पाहतो. दोघांचं वाचन फिरून त्यांच्यापाशीच येतं. ॲननं आठ वर्षं काय वाचलं? वर्तमानपत्रं आणि नौदलाच्या याद्या. वेंटवर्थ कुठल्या जहाजावर आहे, त्याला बढती मिळाली का, एवढंच त्यांतून कळणार. त्या कोरड्या छापील ओळींवर तिनं एका माणसाची काळजी घेतली. वाचनाचे हे तीन प्रकार एकाच कादंबरीत शेजारी शेजारी ठेवलेले आहेत, हे मला फार उशिरा दिसलं, आणि दिसल्यावर पुस्तकाबद्दलचा आदर दुणावला.

संकटकाळी ऑस्टेन उघडणारे बरेच झाले. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगचा अठरा वर्षांचा मुलगा जॉन पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, लूसच्या लढाईत गेला. त्या काळात किपलिंग घरी बायकोला आणि मुलीला ऑस्टेन मोठ्यानं वाचून दाखवत असे. पुढे १९२४ मध्ये त्यानं एक कथा लिहिली, पश्चिम आघाडीवरच्या तोफखान्यातल्या सैनिकांची. ऑस्टेनच्या कादंबऱ्या हा त्यांच्यातला गुप्त दुवा असतो. तुकडीतला जवळजवळ एकटाच वाचलेला एक साधा, न शिकलेला सैनिक शेवटी सांगतो की अवघड जागी सापडलात तर जेनला तोड नाही. साम्राज्याचे गोडवे गाणारा किपलिंग मला अनेक ठिकाणी परका वाटतो. पण मुलाच्या मृत्यूनंतर संध्याकाळी दिव्याजवळ बसून मोठ्यानं वाचणारा तो बाप परका वाटत नाही. त्या कथेला जोडून त्यानं एक कविताही लिहिली आहे. तिच्यात जेन स्वर्गात जाते आणि तिची वाट पाहणारा एक माणूस तिथे 'पर्स्युएशन' वाचत बसलेला असतो.

पुन्हा वाचताना नजर कडेकडेलाही जाते. मिसेस क्रॉफ्ट सांगतात की त्यांनी चार वेळा अटलांटिक ओलांडला आणि एकदा ईस्ट इंडीजलाही जाऊन आल्या. आधी मी हे वाक्य ओलांडून जायची. आता तिथे थांबते, कारण त्या नौदलाची जहाजं आपल्या मुंबईच्या गोदीतही बांधली जात होती. जमशेटजी बोमनजी वाडियांच्या देखरेखीखाली सागवानात बांधलेलं 'ट्रिंकोमाली' १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरलं, आणि ते आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. 'पर्स्युएशन' त्याच वर्षी डिसेंबरात लंडनमध्ये बाहेर आली. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. एका अबोल मुलीच्या मनाचा इतका बारीक हिशेब ठेवणारं पुस्तक आणि आपल्याकडचा तो हिवाळा, दोन्ही एकाच काळाचे. कादंबरीतले हे दर्यावर्दी मला आवडतात, आणि त्यांचं नौदल काय करत होतं हेही मी विसरू शकत नाही.

छापलेलं पुस्तक लेखिकेनं पाहिलंच नाही. ८ ऑगस्ट १८१५ ला तिनं ही कादंबरी लिहायला घेतली. प्रकृती बिघडत चालली होती. १८ जुलै १८१६ ला तिनं शेवटच्या पानाखाली 'समाप्त' लिहिलं. त्या पहिल्या शेवटात दोघांची मनं जुळतात ती ॲडमिरल क्रॉफ्टच्या बिऱ्हाडी. ॲनचं लग्न तिच्या चुलतभावाशी ठरलंय का, हे तिला विचारण्याचं काम क्रॉफ्ट वेंटवर्थवर सोपवतो, ती नाही म्हणते, आणि गाठ सुटते. ऑस्टेनच्या पुतण्यानं तिच्या चरित्रात लिहिलंय की हा शेवट तिला सपक वाटला, ती खिन्न मनानं झोपली, आणि सकाळी उठून नव्यानं लिहायला बसली. ६ ऑगस्टला नवी प्रकरणं पुरी झाली. पुढच्या वर्षी १८ जुलैलाच विंचेस्टरला ती वारली, वयाच्या ४१ व्या वर्षी. टाकून दिलेल्या प्रकरणांचं हस्तलिखित ब्रिटिश लायब्ररीत आहे. छापून आलेल्या तिच्या कादंबऱ्यांपैकी इतर कुठल्याही कादंबरीच्या मूळ लेखनाचं हस्तलिखित उरलेलं नाही. म्हणजे तिनं स्वतः आपलं पुस्तक पुन्हा वाचून दुरुस्त केल्याचा जो एकमेव मोठा पुरावा आपल्याकडे आहे, तो नेमका याच पुस्तकाचा आहे.

नव्यानं लिहिलेला तो प्रसंग बाथ शहरातल्या व्हाइट हार्ट या खाणावळीतला. खोलीत माणसांची ये-जा आहे. खिडकीशी ॲन आणि कॅप्टन हारव्हिल बोलतायत. बायका जास्त काळ प्रेम करतात की पुरुष? थोड्या अंतरावर टेबलाशी वेंटवर्थ एक पत्र लिहितोय. हारव्हिल म्हणतो, सगळी पुस्तकं माझ्या बाजूनं साक्ष देतील. ॲन म्हणते, पुस्तकांचा दाखला मी मानणार नाही, लेखणी आजवर पुरुषांच्याच हातात होती. मध्येच वेंटवर्थची लेखणी खाली पडते. ॲन दचकते, तो आपण समजत होतो त्याहून जवळ आहे हे तिला दिसतं, पण तिला वाटतं की आपला आवाज तिथवर गेला नसावा. मग ती शेवटचं सांगते. आशा संपल्यावरही प्रेम करत राहणं, एवढाच हक्क मी आमच्यासाठी मागते.

पहिल्या वाचनात आपण हा प्रसंग ॲनबरोबर खिडकीशी उभं राहून ऐकतो. थोड्या वेळानं वेंटवर्थ हातमोजे विसरल्याच्या मिषानं परत येतो, कागदांखालून एक पत्र काढून तिच्यासमोर ठेवतो आणि जातो. पत्र उघडल्यावर कळतं की तो ऐकत होता आणि ऐकता ऐकताच लिहीत होता. दुसऱ्या वाचनात आपण खिडकी सोडतो आणि त्या टेबलाशी जाऊन बसतो. प्रसंग तोच, शब्द तेच, पण आता ॲनचं प्रत्येक वाक्य एका माणसाच्या हाताखालच्या कागदावर उतरतंय. पत्रातली वाक्यं अशी तुटत का जातात, हे तेव्हा उमगतं. मध्येच तो लिहितो की तू आवाज खाली घेतलास तरी मला तो ओळखता येतो. मी हे प्रकरण वाचताना आता मागेपुढे होते. खिडकीतलं एक वाक्य, पत्रातली एक ओळ, परत खिडकी. फक्त पुढे जाणाऱ्या वाचकासाठी असं लिहिता येत नाही. ज्या बाईनं स्वतःचं प्रकरण रात्री परत वाचून टाकून दिलं, तिनं आपल्यासारख्या परतून येणाऱ्यांसाठी हे लिहिलंय अशी माझी ठाम समजूत आहे.

जेनची थोरली बहीण कॅसांड्रा हीही परतून येणाऱ्यांतली. तिचा नियोजित वर १७९७ मध्ये कॅरिबियनमध्ये तापानं गेला, नंतर तिनं लग्न केलं नाही. ॲनला तरुणपणी शहाणपणा शिकावा लागला आणि वय वाढल्यावर ती प्रेम शिकली, अशा आशयाचं एक वाक्य चौथ्या प्रकरणात आहे. आपल्या प्रतीत त्या वाक्याशेजारी कॅसांड्रानं लिहून ठेवलं की लाडक्या जेन, हे सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवावं. समासातल्या या ओळीचा विचार मनात आला की पुढचं वाचायला मला थोडा वेळ लागतो.

आनंदाचा शेवट म्हणून हे पुस्तक मी उघडत नाही. त्या आनंदातही काटा आहे. लग्न ठरल्यावर वेंटवर्थ विचारतो, १८०८ मध्ये माझ्याकडे थोडे पैसे आले, 'लॅकोनिया'वर नेमणूक झाली, तेव्हा मी तुला लिहिलं असतं तर उत्तर दिलं असतंस? तिचं उत्तर इतकं चटकन आणि इतकं स्वच्छ येतं की तो हबकतो. म्हणजे सहा वर्षं त्याच्या अहंकारानं खाल्ली. तो ते कबूल करतो, की यात लेडी रसेलहून मोठा वैरी मी स्वतःच. किती कादंबऱ्यांतले नायक सुखाच्या क्षणी असा हिशेब मांडतात? गेलेला काळ परत मिळाला असं इथे कुणी भासवत नाही. तो गेलाच. तरीही उरलेलं कमी मोलाचं ठरत नाही. मला धीर येतो तो या खरेपणातून.

एक गोष्ट मात्र मला अजून पटलेली नाही. ॲन म्हणते की लेडी रसेलचा सल्ला चुकीचा होता, पण तो मानला यात माझं चुकलं नाही, कारण त्या मला आईच्या जागी होत्या. अशा प्रसंगी मी स्वतः कुणाला असा सल्ला कधीच देणार नाही, असंही ती म्हणते. कॉलेजात असताना या उत्तराचा मला संताप यायचा. आता माझी मुलगी १९ वर्षांची आहे. उद्या तिनं हातात काही नसलेला, पण स्वतःवर अफाट विश्वास असलेला मुलगा घरी आणला तर मी काय बोलेन, ते मला छातीठोकपणे सांगता येत नाही. लेडी रसेलच्या तोंडचं सगळं माझ्या तोंडात तयार आहे. त्यामुळे सल्ला देणाऱ्या बाईला मी आता समजून घेते. तो मानणाऱ्या मुलीचं बरोबरच होतं, हे मात्र मी मान्य करणार नाही, प्रत्यक्ष ॲननं सांगितलं तरी. मुलीला ते पान वाचून दाखवलं तेव्हा ती माझ्याही पुढे गेली. तिचं म्हणणं, आईच्या जागी असणाऱ्यानं तर जास्तच जपून बोलायला हवं होतं. ती दिवाळीच्या सुट्टीत घरी येईल तेव्हा आम्ही दोघी ते प्रकरण पहिल्यापासून मोठ्यानं वाचणार आहोत. लेडी रसेलबद्दल तिला अजून बरंच बोलायचंय.